एकमेकांना पाण्यात पाहताना

मराठीत हेवा, चुरस, वैर यांतलं काहीही सांगायला बसलं की पाणी आल्यावाचून राहत नाही. ज्याचं बरं झालेलं बघवत नाही त्याला आपण पाण्यात पाहतो. समोरच्याची ताकद अजमावायची तर त्याचं पाणी जोखतो. कोण किती पाण्यात आहे ते वेळ आली की कळतं, आणि एकदा हरवला की त्याला पाणी पाजलं म्हणून सांगत सुटतो. हे सगळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी ना विहीर असते ना नदी. शब्द घासून इतका गुळगुळीत झालेला असतो की त्यातली ओल कुणाला लागत नाही.

इंग्रजीतल्या 'रायव्हल'चं तसंच झालं आहे. इंदूरमध्ये हा शब्द 'राइवल' होऊन हिंदी-मराठी दोन्हींतून मजेत फिरतो. भंवरकुआंचे कोचिंग क्लास एकमेकांचे राइवल, सराफ्याच्या खाऊगल्लीत शेजारी शेजारी गराडूचा कंद तळणारे राइवल, वॉर्डातून तिकीट मागणारे दोघे राइवल. मराठी करायचं झालं तर हात आपोआप 'प्रतिस्पर्धी'कडे जातो. शब्द चुकीचा नाही. पण स्पर्धा म्हटली की प्रत्येकाला आपापली पट्टी आखून मिळते, शिट्टी वाजते, कुणीतरी पहिला येतो आणि सगळे घरी जातात. 'रायव्हल'च्या पोटात यातलं काही नाही. तिथे आहे एक पाट, आणि त्यावर शेत असलेले दोन शेजारी. त्यांना घरी जायची सोय नाही, कारण ते घरीच आहेत.

लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओढा, ओहोळ, आणि माणसानं खणून आणलेला पाटसुद्धा. 'रीवालिस' म्हणजे त्या पाटाचा. अनेकवचनात 'रीवालेस' म्हटलं की एकाच पाटानं पाणी नेणारे लोक. ही व्युत्पत्ती कुणी मागाहून जुळवलेली नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा रोमन कायदेपंडित उल्पियान याचं वचन सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं करवलेल्या कायद्याच्या संकलनात जसंच्या तसं उतरलं आहे. त्यात तो शब्द वापरून लगेच अर्थही देतो: रीवालेस, म्हणजे जे एकाच पाटातून पाणी नेतात ते. त्यांच्यात पाण्याच्या वापरावरून तंटा झाला तर काय करायचं, हा त्याचा विषय आहे.

तो तोडगा मोठा मार्मिक आहे. एरवी तंट्यात एक वादी असतो आणि दुसरा प्रतिवादी. इथे दोघेही म्हणतात, 'हे पाणी माझ्या वहिवाटीचं.' म्हणून मनाईहुकूम दुहेरी. दोघांनाही तो मिळतो, दोघांवरही तो लागू होतो. प्रत्येक जण एकाच वेळी फिर्यादीही आणि आरोपीही. पाटावरचं भांडण ज्यानं ऐकलं आहे त्याला हे पटायला कायद्याची पदवी लागत नाही.

हुकूम मागणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागत. पाणी यंदा जसं नेत होतो तसंच नेत आहे, पण ते बळजबरीनं नाही, चोरून नाही, आणि मागूनही नाही. पहिल्या दोन अटी कुणालाही सुचल्या असत्या. तिसरी खरी जाणत्याची आहे. शेजाऱ्यानं 'घ्या हो, आज माझं भिजवून झालंय' म्हणून सोडलेलं पाणी चार वर्षं घेतलं, तरी त्या शेजाऱ्यापुढे तो हक्क म्हणून दाखवता येत नाही. मेहरबानी आणि वहिवाट यांची गल्लत झाली की पाटावर डोकी फुटतात, हे रोमनांना अठराशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'रायव्हल' आणि 'रिव्हर' कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी. 'रिव्हर' येतो 'रीपा' या शब्दावरून, आणि रीपा म्हणजे काठ. 'अराइव्ह' त्याच घरचा, काठाला लागणं. 'रायव्हल'चे खरे भाऊबंद म्हणजे 'रिव्ह्युलेट', छोटा ओहोळ, आणि 'डिराइव्ह', म्हणजे मुळात मुख्य प्रवाह फोडून पाणी आपल्याकडे वळवणं. शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हमध्ये ज्यांचे पैसे वाहून गेले त्यांना ही माहिती किती दिलासा देईल, सांगता येत नाही.

काठ आणि पाट यांतला हा फरक नुसता कोशातला नाही. १९७९ साली नर्मदा जलविवाद लवादानं २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली: मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. नर्मदा राजस्थानला कुठेच शिवत नाही. त्या राज्याला नर्मदेचा काठ नाही, म्हणजे रीपा नाही. पण वाटणीत नाव लागलं, कालवा पोचला, आणि राजस्थान रीवालिस झाला. काठ निसर्ग देतो, पाटाचा भागीदार मात्र माणसं ठरवतात.

आता आपल्याकडचं नातं. 'रीवुस' ज्या धातूपासून आला तोच संस्कृतात 'री', वाहणं. त्यावरून 'रीति'. ऋग्वेदात 'रीतिरपाम्' येतं, पाण्याचा ओघ या अर्थानं. ओघावरून वळण, वळणावरून पद्धत, आणि तिथून आपली रोजची 'रीत'. म्हणजे इंग्रजीतला रायव्हल आणि मराठीतली रीत ही एकाच पाण्याची पिलावळ. एकाच धातूतून तिकडे पाण्यावरचा भांडखोर निघाला आणि इकडे पाणी ज्या वळणानं जावं ते वळण. पाटावर हे दोघं रोज भेटतात.

ते कसे, हे पाहायला पाळीचं गणित समजून घ्यावं लागतं. उत्तरेकडच्या कालव्यांवर त्याला वारबंदी म्हणतात, चंबळच्या बाजूला ओसराबंदी. आठवड्याचे १६८ तास. एका मोघ्याखाली, म्हणजे कालव्यातून पाणी सोडणाऱ्या एका तोंडाखाली, समजा ४० हेक्टर जमीन आहे. १६८ ला ४० नं भागलं की झालं, असं नवख्याला वाटतं. इथेच पहिलं भांडण पेरलं जातं.

कारण पाट रिकामा असतो. वरच्याची पाळी संपून खालच्याची सुरू झाली की मधला कोरडा तुकडा भरायला वेळ जातो. माती आधी स्वतः पिते, तडे पितात, मग पाण्याचं तोंड पुढे सरकतं. ही भराई. ती ज्याच्या पाळीत येते त्याला तेवढा वेळ वाढवून द्यावा लागतो. उलट, आठवड्याच्या शेवटी वरून पाणी दुसऱ्या बाजूला वळवलं तरी पाटात साचलेलं पाणी अजून खाली येतच असतं, आणि ते शेवटच्या शेतकऱ्याला मिळतं. ही झडाई. ती त्याच्या वेळातून वजा करायची. म्हणून हिशेब असा: १६८ तासांतून सगळ्यांची मिळून भराई वजा करायची, झडाई मिळवायची आणि मग क्षेत्रानं भागायचं. एकूण भराई ३ तास आणि झडाई १ तास धरली, तर १६६ भागिले ४०, म्हणजे हेक्टरी ४ तास ९ मिनिटं. दोन हेक्टरवाल्याचे ८ तास १८ मिनिटं होतात. त्याच्या वाट्याला १५ मिनिटं भराई आली तर ८ तास ३३. शेवटच्याचंही क्षेत्र २ हेक्टर आणि भराई २० मिनिटं असेल, तर तासभर झडाई कापून त्याच्या पदरात ७ तास ३८ मिनिटं पडतात.

कागदावर हे चोख आहे. शेवटचा माणूस मात्र कायम कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर खरी असते. झडाईचं पाणी जोराचं नसतं. पहिली पंधरा मिनिटं बरी धार येते, मग ती बोटभर होते आणि शेवटी पाटाच्या खळग्यांत डबकी उरतात. वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला पोचायची ताकद त्या पाण्यात नसते. तास त्याच्या खात्यातून पुरा कापलेला असतो.

या गणितात मिनिटं का मोजायची, हेही एकदा आकड्यात पाहावं. पाट सेकंदाला एक घनफूट पाणी वाहत असेल, तर ते सेकंदाला २८ लिटरच्या वर होतं, तासाला सुमारे १ लाख लिटर. वरच्यानं दहा मिनिटं उशिरा फळी टाकली तर खालच्याचं सतरा हजार लिटर पाणी गेलं. पाच हजार लिटरचे तीन टँकर भरून वर उरेल इतकं. 'दहाच मिनिटं तर झाली' हे वाक्य पाटावर म्हणूनच ऐकवून घेतलं जात नाही.

रात्रीची पाळी कुणालाच नको असते. थंडीचे दिवस, गहू भिजवायचा, हातात बॅटरी, पाय चिखलात. डुलकी लागली की बांध फुटून पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरतं, आणि फुलोऱ्यातल्या हरभऱ्याला अति पाणी बाधतं. म्हणून वेळापत्रक दरवर्षी बारा तासांनी सरकवतात. यंदा ज्याची रात्र त्याची पुढच्या वर्षी दुपार. वारबंदीतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. क्षेत्राचं गणित कुणीही कारकून करील, पण झोपेची वाटणी करायला पाटावर बसलेला माणूस लागतो.

महाराष्ट्रातल्या शेजपाळीत आणखी एक युक्ती आहे. पाणी शेपटाकडून तोंडाकडे देत यायचं. ज्याचं शेत सगळ्यात लांब त्याला आधी. वरचा माणूस पाट जवळ असल्यामुळे एरवीही ओलाव्यावर तगून जातो, आणि खालचं भिजल्याशिवाय त्याची पाळीच येत नसल्यानं पाट साफ ठेवण्यात त्याचाही स्वार्थ येतो. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवरची जुनी फड पद्धत त्याहून पुढे जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पिकं फडाफडांत फिरवायची. उसाला पाणी किती आणि ज्वारीला किती, हा वाद शेताशेतांत उरतच नाही, कारण शेजाऱ्याचं पीक तेच असतं. पाटकरी पाणी फिरवतो, आणि पाणी घ्यायला शेतकऱ्यानं स्वतः यायचं नाही, असा त्याचा मान. पाटकऱ्याच्या हातून फावडं घेतलं की पद्धत मोडली.

बिघडतं कुठे, ते जवळपास ठरलेलं आहे. मोघ्याच्या जरा पुढे कालव्यात दगड सरकवून पाणी अडवतात, पातळी दोन बोटं चढते आणि मोघ्यातला प्रवाह वाढतो. पाटाच्या तळाला गवत आणि गाळ साचला की पाणी वरच्या अंगाला फुगतं. वरच्याला वाटतं पाणी भरपूर आहे, खाली कोरड. खेकडे आणि उंदीर भराव पोखरतात, आणि तिथे खरोखरच पाणी मुरत असतं. पाळ्यांची तोंडी अदलाबदल होते, 'आज तुमची मला द्या, शुक्रवारी माझी घ्या', आणि शुक्रवारी वरून कालवाच बंद होतो. शेवटचं भांडण सगळ्यात कडवट, कारण त्यात कुणी चोरी केलेली नसते.

रोममध्ये हेच शहरी थाटात चाललं होतं. इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्यानं आपल्याच खात्यातल्या लबाड्या लिहून ठेवल्या. प्रत्येक जोडणीला ठराविक मापाची, शिक्का मारलेली काशाची तोटी बसवायची असा नियम होता. काशाचीच का, तर शिसं ठोकून रुंद करता येतं, कासं सहजी वाकत नाही. तरी पाणक्यांनी वाट काढली. तोटी टाकीत ठरल्यापेक्षा खाली बसवली की माप तेच राहून पाणी जास्त येतं, कारण वर पाण्याचा भार वाढतो. मालक बदलला की नव्या मालकाला नवं भोक पाडून द्यायचं, जुनं तसंच ठेवायचं आणि त्यातलं पाणी विकायचं. तळं राखील तो पाणी चाखील, हे तिथे वेगळ्या भाषेत म्हणत असतील, एवढंच.

इंदूरच्या गल्लीत पाट नाही, नर्मदेची लाइन आहे. १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर लांब आणि विंध्याचा चढ चढवून आणलेलं पाणी. बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड नळ येतात, आणि नळाचा दिवस म्हणजे घरातल्या सगळ्यांचा दिवस. त्या दिवशी मजल्या-मजल्यावरून जी मराठी ऐकू येते तीही खास इथली: 'काकू, मोटर थोडी बंद करून द्या ना, आमच्याकडे धारच नाही येत आहे.' काकू वरून म्हणतात, 'आमचीपण टंकी अर्धीच झाली आहे, पाच मिनिट.' पाटावरची दहा मिनिटं इथे पाच होतात, एवढाच फरक.

त्या मोटरीचं यंत्रशास्त्र पाळीपेक्षा क्रूर आहे. लाइनमध्ये जेवढं पाणी आहे तेवढंच आहे. पहिल्या घरानं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर थेट नळाला लावली की पुढच्यांची धार बारीक होते. मग दुसरं घर मोटर आणतं, मग तिसरं. सगळ्यांकडे मोटर आली की प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा साधारण पूर्वीइतकंच पाणी येतं, वर विजेचं बिल आणि शेवटच्या घराचे हाल. ह्यात आणखी एक धोका असतो. सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागल्या की नळातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. एरवी ज्या सैल सांध्यातून पाणी बाहेर गळायचं तिथूनच बाजूच्या गटाराचं पाणी आत शोषलं जातं. उपाय माहीत असलेला आहे, नळ जमिनीतल्या हौदात आपल्या दाबानं पडू द्यायचा आणि मोटर फक्त हौदावर लावायची. पण हौद एकट्यानं बांधून भागत नाही. शेजाऱ्याची मोटर थेट लाइनवर असेल तर आपल्या हौदात थेंब पडत नाही.

आणि जिथे पाटच दिसत नाही तिथे काय होतं, हे पाहायला माळव्यातली कुठलीही बोअर पुरे. वर काळी माती, खाली बेसाल्ट, आणि पाणी खडकाच्या भेगांमध्ये. बोअर चालू झाली की भोवतालचं पाणी नरसाळ्यासारखं खाली ओढलं जातं. शेजारच्याची बोअर त्याच भेगेवर लागली असेल तर दोन नरसाळी एकमेकांत घुसतात आणि दोघांचंही पाणी खाली जातं. मग हा शंभर फूट आणखी खोल जातो, तो दीडशे. पाट डोळ्यांना दिसतो म्हणून त्याला पाळी लावता येते. भेगेला पाळी नाही, पाटकरी नाही, दुहेरी मनाईहुकूमही नाही. शब्दाच्या मूळ अर्थानं हे दोघे पक्के रीवालेस, पण आपला पाट एकच आहे हे त्यांना उन्हाळ्यातच कळतं.

पाण्यावरून हा शब्द माणसांवर कधी गेला? फार लवकर. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमाराला रोमन नाटककार प्लाउटुसच्या एका सुखात्मिकेत एक गुलाम आपल्या सोबत्याबद्दल सरळ सांगतो की दोघांची प्रेयसी एकच, म्हणून आम्ही रीवालेस. तिथे वैराचा मागमूस नाही, तिघं मिळून मेजवानी करणार असतात. रोमन वक्ता सिसेरोनं सेनापती पॉम्पेला टोमणा मारला तो असा, की हा स्वतःवरच प्रेम करतो आणि त्यात याला एकही रीवालिस नाही. आपल्याकडे पाण्याचा पाट आणि लग्नाचा पाट हे दोन्ही 'पाट'च, तेव्हा मराठी वाचकाला या उडीचं फार नवल वाटू नये.

इंग्रजीत शब्द आला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोवर तो बराचसा प्रेमातलाच झाला होता. पण जुनी भागीदारी पुरती पुसली गेली नव्हती. 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात, मध्यरात्री, पहारेकरी बर्नार्डो म्हणतो की होरेशिओ आणि मार्सेलस भेटले तर त्यांना लवकर पाठव, ते माझ्या पहाऱ्याचे 'रायव्हल्स' आहेत. म्हणजे जोडीदार. १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत त्या जागी चक्क 'पार्टनर्स' आहे. योगायोग असा की उर्दूतला 'रकीब', ज्याच्या नावानं निम्म्या गझला रडतात, तो अरबीत मुळात पहारेकरीच. नजर ठेवणारा. एका भाषेत प्रेमातला वैरी पहाऱ्यावरचा सोबतीही होऊ शकला, आणि दुसरीत पहारेकरीच प्रेमातला वैरी झाला.

संस्कृतनं मात्र हा प्रवास घरातून सुरू केला. 'सपत्नी' म्हणजे सवत, एकाच नवऱ्याची दुसरी बायको. त्या स्त्रीलिंगी शब्दावरून मागाहून पुल्लिंगी 'सपत्न' घडवला, आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. गीतेच्या अकराव्या अध्यायात 'जेतासि रणे सपत्नान्' म्हणताना कृष्ण कुरुक्षेत्रावरच्या महारथींना व्याकरणदृष्ट्या सवतीच म्हणतो आहे. दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला 'असपत्न' राज्यही नको असतं, सवत नसलेलं.

त्याहून बोचरा आहे 'भ्रातृव्य'. भावाचा मुलगा, चुलतभाऊ, अशी त्याची सरळ नात्याची बाजू, आणि वेदांत अर्थ प्रतिस्पर्धी, वैरी. पाणिनीनं त्यासाठी लागोपाठ दोन सूत्रं केली. एकानं नातेवाईक सिद्ध होतो, लगेच पुढचं 'व्यन्सपत्ने', त्यानं वैरी. अक्षरं तीच, फरक फक्त स्वराघाताचा. कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून ऐकणाऱ्याला कळायचं की पुतण्या जेवायला येतो आहे की वाटणी मागायला.

मराठीनं जोर बदलायचीही तसदी घेतली नाही. भाऊबंद म्हणजे नातलग आणि भाऊबंदकी म्हणजे त्यांच्यातलं भांडण. परक्याशी वैर होतं, भाऊबंदकी होत नाही. तिला सामाईक बांध, सामाईक विहीर, सातबाऱ्यावर एकत्र नावं लागतात. 'रीवालिस'चं अस्सल मराठी भाषांतर करायचं तर 'प्रतिस्पर्धी' नाही, 'भाऊबंद'च जवळचा.

माळव्यात हे राज्यांच्या मापानं घडलं. बाजीरावाच्या काळात माळव्याच्या वसुलीचे वाटे पडले, होळकर, शिंदे, पवार यांचे महाल एकमेकांत गुंतलेले. हा वाटाच पुढे झगड्याचं मूळ झाला. इंदुरातून जाणारी खान नदी उत्तरेला जाऊन उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते, म्हणजे वरच्या अंगाला होळकर आणि खालच्या अंगाला शिंद्यांची उज्जैन. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूनं सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून तो फेडून घेतला. तलवारी म्यान झाल्यावर होळकरांच्या नावाचा संघ क्रिकेटमध्ये अशाच हिशेबाला बसला तो बडोद्याशी. १९४५-४६ चा रणजी अंतिम सामना होळकरांनी इंदुरात जिंकला, आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी त्याच होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा कुटल्या. पाणी पाजणं म्हणतात ते हेच.

खान अजून तशीच वाहते, फक्त भांडण उलटं झालं आहे. पूर्वी रीवालेस भांडत ते पाणी मिळावं म्हणून. उज्जैनला इंदूरचं पाणी नको आहे. शहराचं वापरलेलं पाणी, शुद्ध केलेलं असो की नाल्यातून थेट आलेलं, खानेतून उज्जैनच्या अलीकडच्या त्रिवेणी संगमावर क्षिप्रेला मिळतं, आणि तिथून पुढे रामघाट, नहाणाचा मुख्य घाट. २०१६ च्या सिंहस्थाआधी खानेचं पाणी पिपल्या राघोहून जमिनीखालच्या नळातून, सुमारे १९ किलोमीटर, उज्जैनला वळसा घालून कालियादेहपाशी खाली सोडलं. 'डिराइव्ह'चा मूळ अर्थ शब्दशः. पावसाळ्यात नळाला ते पाणी आवरत नाही, म्हणून २०२८ च्या सिंहस्थासाठी आणखी मोठं काम हाती घेतलं आहे.

क्षिप्रेत स्वतःचं पाणी उन्हाळ्यात जवळपास नसतंच. म्हणून २०१४ पासून ओंकारेश्वर प्रकल्पाचं नर्मदेचं पाणी उपसून, सेकंदाला ५ घनमीटर वाहून नेण्याच्या क्षमतेची, ४३२ कोटींची योजना इंदूरजवळच्या उज्जैनी गावी, क्षिप्रेच्या उगमात ते सोडते. म्हणजे त्रिवेणीवर दोन बाजूंनी येते ती नर्मदाच. एक उज्जैनीहून क्षिप्रेच्या पात्रातून, नहाणासाठी. दुसरी जलूदहून इंदूरच्या नळांत, मोटरींत, टाक्यांत, मोऱ्यांत जाऊन खानेतून. आणि मोठं नहाण जवळ आलं की या दोघींच्या मध्ये घाईघाईनं मातीचा बांध घालतात. वरून पाणी वाढलं की तो फुटतो, आणि डंपर पुन्हा माती घेऊन येतात.